झाड पाडण्याआधी

नगर जिल्ह्याची झाडांच्या बाबतीतली ओळख कुऱ्हाडबंदीची आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने आणि पुढे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी पाळली आणि आदर्श गाव योजनेतून तीच सूत्रे राज्यभर गेली. संगमनेरात भाऊसाहेब थोरातांच्या प्रेरणेने दंडकारण्य अभियान उभे राहिले. त्याच तालुक्यात पेमगिरीचा अवाढव्य वड आहे, तो पाहायला लोक लांबून येतात. अशा जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या, झाड कसे पाडावे यावर पुस्तिका काढणे काहींना अपशकुनासारखे वाटेल. पण राखलेली झाडेही म्हातारी होतात. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि त्या दशकात रस्त्याकडेला, पाटाच्या कडेला, बांधांवर निलगिरी आणि सुबाभूळ मोठ्या प्रमाणात लागली. ती पिढी आता चाळिशीत आहे. तिच्याआधीच्या बाभळी, कडुनिंब, चिंचा तर कितीतरी जुन्या. यांतली काही वाळतात, काही पोखरतात, काही वळवाच्या वादळात अर्धी मोडून लटकतात, काही रस्ता रुंद होताना किंवा घर बांधताना आड येतात. ती रोज कुठे ना कुठे पाडली जात आहेत. ती पाडणाऱ्याला हे काम कोणी नीट शिकवलेले असते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

पुढच्या पानांत चेनसॉ वापरून झाड सुरक्षितपणे कसे पाडावे याची माहिती आहे. वाचक कदाचित यंत्र कसे धरावे इथून सुरुवात होईल अशी अपेक्षा ठेवेल. माझ्या मते ती अपेक्षाच या विषयातली मूळ अडचण आहे. झाडतोडीतला बराचसा धोका यंत्र सुरू होण्याआधी घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांतून येतो. कुऱ्हाडीच्या काळात हे निर्णय काम चालू असताना घेता येत होते, कारण कामच तेवढे सावकाश चाले. चेनसॉने तो अवधी संपवला. जे निर्णय पूर्वी घावागणिक होत असत ते आता पहिल्या कापाआधी व्हायला हवेत. आपण यंत्र घेतले, पण निर्णयाची वेळ अलीकडे आणली नाही.

हे यंत्र फार जुने नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी चेनसॉ बनवली ती १९२६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे प्रवरेवरचे भंडारदरा धरण पुरे झाले त्याच साली. तीन वर्षांनी त्यांचे पेट्रोलवरचे यंत्र आले. त्याचे वजन सुमारे ४६ किलो होते आणि ते उचलायला दोन माणसे लागत. चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या जो कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून चेनच्या दाताचा नवा आकार काढला, आजच्या बहुतेक चेन त्याच्याच वंशातल्या. पन्नासच्या दशकात एकट्याने वापरायची यंत्रे आली आणि हलकी होत होत आज पाच-सहा किलोंवर उतरली. हाताने थांबवता येणारा आणि झटक्याने आपोआप लागणारा चेन ब्रेक मात्र १९७२–७३ च्या सुमारास आला. म्हणजे यंत्र आले, पसरले आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याला आवर घालणारा महत्त्वाचा भाग आला. आपल्या बाजारात सर्वत्र दिसणारे ५८ सीसीचे, २२ इंची बारचे स्वस्त यंत्र विकत घेताना ताकद आणि किंमत पाहिली जाते. ब्रेक लागतो की नाही, थ्रॉटलची कुलूपपट्टी दाबल्याशिवाय चेन फिरते की काय, तुटलेली चेन अडवणारा खुंट जागेवर आहे का, हे दुकानातच तपासायचे असते. ते न तपासता यंत्र घरी येते. गावात त्याला ‘कटर’ म्हणतात आणि ते मागून नेण्याची वस्तू होते, जशी शिडी किंवा पहार.

कुऱ्हाडीने चाळीस सेंटिमीटर जाडीची बाभूळ पाडायला तासाचा मोठा भाग जाई. त्या वेळात माणूस चार वेळा मागे सरके, शेंड्याकडे पाही, घाम पुसे, जाणाऱ्याशी दोन शब्द बोले. चौकशी करायला आलेला म्हातारा सांगे की हे झाड विहिरीकडे कलते आहे, दुसऱ्या अंगाला घे. तोवर झाडही आपला हिशेब सांगत असे. तंतू तुटण्याचा करकर आवाज येई, मग क्षणभर थांबून दुसरा, मोठा. अनुभवी तोडणाऱ्याचे निम्मे ज्ञान कानात होते. चेनसॉ पूर्ण वेगात असताना तिचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. झाडाचा आवाज त्यात बुडतो, ‘पळ’ म्हणून ओरडणाऱ्याचाही बुडतो. कानाचे रक्षण करायला कानपट्टी घालावीच लागते, नाहीतर काही वर्षांत कानच जातो. चेन सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने फिरते, तीच बाभूळ तिला एक-दोन मिनिटांचे काम. त्या मिनिटांत शेंड्याकडे कोणी पाहत नाही, कारण नजर बारवर खिळलेली असते. आणखी एक गोष्ट हातोहात गेली. दोघांच्या करवतीला पलीकडच्या टोकाला एक माणूस असे, पहिल्या पेट्रोल यंत्रालाही असे. त्याचे डोळे वर असू शकत. यंत्र एकट्याचे झाले तसा तो दुसरा माणूस कमी झाला, आणि मजुरी वाचली म्हणून त्याचे कौतुकच झाले. म्हणून या पुस्तिकेत वारंवार एक माणूस फक्त पाहण्यासाठी ठेवायला सांगितला आहे. तो झाडापासून उंचीच्या दुप्पट अंतरावर, पण तोडणाऱ्याला दिसेल असा उभा असतो आणि हाताच्या खुणेने बोलतो. त्याला दुसरे काही काम देऊ नये. फांद्या ओढायला लावले की तो पाहणारा राहत नाही.

पहिल्या कापाआधी काय पाहायचे, हे जिल्ह्याबाहेरच्या पुस्तकात वाचून पुरत नाही, कारण इथले बांध वेगळे आहेत. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मार्गदर्शिका सरळसोट सूचिपर्णी झाडे गृहीत धरतात. आपली बाभूळ बांधावर उगवते आणि उजेडासाठी मोकळ्या शेतावर झुकते. तिची बुंध्याची दिशा एकीकडे आणि फांद्यांचा भार दुसरीकडे, आणि कल ठरतो तो भाराने. कडुनिंबाला खालीच दोन-तीन खोडे फुटतात आणि त्या जोडात पाणी मुरून आतून कुजते. जुन्या चिंचेत ढोली असते. ठोकून पाहिले तर आवाज पोकळ येतो, आणि पोकळ खोडात पुढे सांगितलेली बिजागरी उरतच नाही. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात. पाटाच्या पाण्याखालच्या जमिनीत अनेक झाडांची मुळे उथळ राहतात, काळी माती पावसात मऊ पडते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तर पारनेर-कर्जतच्या मुरमाड जमिनीत मूळ खडकापाशी आडवे वळते. मग पळायची वाट. ती पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध आणि तिरकी, साधारण ४५ अंशांत, आधीच साफ केलेली हवी. आपल्याकडे त्या वाटेवर काय असते? बाभळीच्याच काट्यांचा फास, ठिबकच्या नळ्या, उसाचे खोडवे, आणि कितीतरी ठिकाणी बिनकठड्याची विहीर. झाडावर नजर ठेवून मागे मागे सरकणाऱ्याला ती दिसत नाही. वर वीजवाहिनी आहे का, तीही ताणलेली की लोंबकळणारी, आणि शेंड्यात आग्या मोहोळ आहे का, हेही पाहावे लागते. यंत्राच्या धुराने आणि धक्क्याने उठलेल्या माश्यांपुढे हेल्मेट काही करू शकत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण झाड कापायला लागल्यावर यांपैकी एकीलाही पाच सेकंद मिळत नाहीत.

आता बिजागरीबद्दल. झाड कापून पडते असा सर्वसाधारण समज आहे. नीट पाडलेले झाड पूर्ण कापलेले नसते. ज्या दिशेला पाडायचे त्या अंगाला आधी एक पाचरीच्या आकाराची खाच घेतात, खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मग मागच्या अंगाने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वरून, आडवा काप आत नेतात आणि खाचेला भिडायच्या आत थांबतात. मध्ये उरलेली लाकडाची पट्टी ही बिजागरी. तिची जाडी खोडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असावी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या खोडात ४ सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना सारखी. दारासारखे झाड या पट्टीवर वळते आणि साधारण निम्मे खाली येईपर्यंत तिने त्याला धरून ठेवलेले असते. खाच उघडी, ७० अंशांपेक्षा जास्त, घेतली तर ती जवळजवळ जमिनीपर्यंत धरते. खाचेचे दोन काप एकमेकांना ओलांडून गेले, तर बिजागरी आधीच अर्धी तुटलेली असते आणि झाड कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही. बिजागरी एका टोकाला पातळ झाली तर झाड जाड टोकाकडे ओढले जाते. ‘जरा अजून काप, पडतंच नाहीये’ या एका वाक्याने बिजागरी पूर्ण कापली जाते, आणि मग झाड बुंध्यावर सुटे उभे असते. झाड पडत नसेल तेव्हा काप वाढवायचा नसतो, पाचर ठोकायची असते. साधा हिशेब पाहा. ४० सेंटिमीटरच्या खोडात १० ची खाच आणि ४ ची बिजागरी वजा जाता मागे २६ सेंटिमीटर काप राहतो. मागची कड पाचरीने फक्त २ सेंटिमीटर उचलली, तर २० मीटर उंचीच्या झाडाचा शेंडा सुमारे दीड मीटर पुढे सरकतो. भार दुसऱ्या बाजूला नसेल, तर बहुतेक झाडांना एवढे पुरते. लोखंडी पाचर वापरू नये, चेन तिला लागली तर दात उडतात. बाभळीचीच ताशीव पाचर चालते.

निलगिरीचे प्रकरण निराळे आहे आणि त्याबद्दल सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण या जिल्ह्यात एकट्याने तोडायला लोक सर्वांत आधी तीच निवडतात. सरळ, उंच, फांद्या कमी, म्हणजे सोपे झाड अशी समजूत. एका बाजूला कललेल्या निलगिरीच्या मागच्या अंगाचे तंतू प्रचंड ताणाखाली असतात. समोर खाच घेऊन मागून नेहमीसारखा काप सुरू केला की अर्ध्यावरच, म्हणजे बिजागरी जाडच असताना, झाड जायला लागते. ते वळू शकत नाही म्हणून खोडच उभे चिरत वर जाते. चिरलेले मागचे फळकूट तोडणाऱ्याच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर झेपावते आणि वरचे सगळे वजन त्यावरून खाली घसरते. हे व्हायला एक-दोन सेकंद लागतात. कललेल्या झाडासाठी पद्धत अशी, की आधी खोडातून आरपार काप घालून बिजागरी नीट तयार करायची, मागे थोडे लाकूड धरून ठेवणाऱ्या पट्ट्यासारखे राखायचे, आणि बाजूला उभे राहून तो पट्टा शेवटी सोडायचा. मात्र आरपार काप घालताना बारचे टोक लाकडात घालावे लागते. त्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की यंत्र उलटे उसळून चेहऱ्याकडे येते, आणि माणसाची प्रतिक्रिया त्याच्या मागे पडते. चेन ब्रेक यासाठीच आहे, पण डावा अंगठा मुठीखाली वळवलेला नसेल तर ब्रेकच्या दांडीपर्यंत मनगट पोहोचतही नाही. म्हणून ही पद्धत पुस्तक वाचून करायची नाही. जाणत्याच्या देखरेखीत, जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावर आधी शिकायची. वाचकाने एवढे ओळखले तरी पुरे, की आपल्यापुढचे झाड कललेले आहे आणि म्हणून ते सोपे नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप साधार आहे आणि तो ज्यांनी झाडे लावली त्यांच्याकडून येतो: तोडायचे शिकवाल तर तोड वाढेल. पण झाड तोडायचे की नाही हा निर्णय कौशल्यावर ठरताना दिसत नाही. तो किमतीवर, जळणावर, रस्त्यावर, वारसांच्या वाटणीवर ठरतो. तोड ठरल्यावर कौशल्य नसेल तर नुकसान एका झाडापुरते थांबत नाही. चुकीच्या दिशेने गेलेले झाड शेजारच्यात अडकते, मग अडकलेले सोडवण्यासाठी दुसरे तोडले जाते. त्या अर्ध्या लटकत्या झाडाखाली जाऊन आधाराचे झाड कापणे ही या कामातली सर्वांत घातक कृती आहे, आणि तिची सुरुवात नेहमी आधीच्या एका चुकीच्या खाचेतून होते. बुंध्याच्या सालीत नुसता घाव मारून सोडलेली झाडे, खोडाशी न कापता लांब खुंट ठेवून छाटलेल्या फांद्या, त्यातून शिरणारी कूज, हेही त्याच अज्ञानाचे फळ. कुऱ्हाडबंदीच्या गावांना तर हे शिकण्याची गरज इतरांहून जास्त आहे. त्यांच्याकडे मोठी झाडे जास्त, म्हणून वाळलेली, मोडकी आणि शाळेच्या वाटेवर लटकणारी झाडेही जास्त.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. आजोबांनी मुंडासे बांधून, अनवाणी, शेकडो झाडे पाडली, त्यांना काय झाले? ज्यांना काही झाले ते सांगायला उरले नाहीत, किंवा लंगडत उरले आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खरे उत्तर वेगात आहे. कुऱ्हाड मांडीवर घसरली तर जखम होते. चेन मांडीला लागली तर सेकंदाच्या अंशात कापड, कातडे आणि स्नायू ओढून नेते, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचे अंतर फार असते. जिथे मोजदाद होते तिथले आकडे बोलके आहेत. अमेरिकेत २०२२ साली सर्व कामगारांत लाखामागे ३.७ मृत्यू कामावर झाले, लाकूडतोडीत तो आकडा सुमारे १०० होता, तोही हेल्मेट, जाळी, बूट आणि पायांना संरक्षण सक्तीचे असताना. त्यांच्या जंगलांतली झाडे आपल्याहून मोठी आणि डोंगरउतार कठीण, हे खरे. पण त्या उलट आपला तोडणारा बांधावर, तारांखाली, विहिरीच्या काठी आणि बघ्यांच्या गर्दीत काम करतो. इथे असा मृत्यू झाला की पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. झाड पडून मेला, एवढेच कळते. खाच कशी होती, बिजागरी होती का, दोर किती लांब होता, हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून एका गावातल्या मरणातून दुसरे गाव काही शिकत नाही.

दोराचा उल्लेख आला आहे तर ट्रॅक्टर आणि जेसीबीचेही बोलून टाकू. अनेकांना वाटते की दोर बांधून ओढले की बाकीच्या शास्त्राची गरज नाही. दोर शेंड्याच्या बाजूला जितका वर बांधू तितकी ओढ कमी लागते आणि बुंध्याजवळ बांधला तर ट्रॅक्टर फक्त खोडाशी झगडत राहतो, इतकी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दोराची लांबी मात्र शेतात असेल तेवढी. वीस मीटरच्या झाडाला पंधरा मीटरचा दोर लावून ट्रॅक्टर समोर उभा केला तर झाड त्याच्या छतावरच येणार. तुटलेला दोर फटकाऱ्यासारखा मागे येतो, त्याच्या रेषेत कोणी नसावे. जेसीबीने ढकललेले झाड मुळासकट उलटते आणि पुष्कळदा मातीच्या गड्ड्यासह अर्धवट उभे राहते. मग त्याचे खोड कापले की तो गड्डा झटक्याने पुन्हा खड्ड्यात बसतो. वादळात उन्मळलेल्या झाडांबाबतही असेच घडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये झाडांचा सडा पडला होता आणि त्यानंतरचे कित्येक दिवस रस्ते आणि घरे मोकळी करण्यात गेले. पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा निर्धोक वाटते, पण त्याच्या वाकलेल्या फांद्यांत धनुष्यासारखा ताण साठलेला असतो. ज्या बाजूला दाब आहे तिथे आधी थोडा काप, आणि ताणाच्या बाजूने तो सोडवायचा, हा क्रम चुकला की एकतर बार अडकतो किंवा फांदी तोंडावर येते. दोर आणि यंत्रे बिजागरीला मदत करतात, तिची जागा घेत नाहीत.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि उन्हाचा. संरक्षक पॅन्टच्या थरातले तंतू चेन लागताच बाहेर ओढले जाऊन तिच्या चक्रात गुंततात आणि तिला थांबवतात. पण ती महाग आणि मे महिन्यात, चाळीस अंशांच्या पुढे, नकोशी. उन्हाचे उत्तर कामाच्या वेळेत आहे. झाडतोड हिवाळ्यात, सकाळच्या थंडीत करावी. तेव्हा पानगळीमुळे वाळकी फांदी दिसते आणि वारा सहसा कमी असतो. शिवाय पायाचा फक्त पुढचा भाग झाकणारे संरक्षक मिळते, ते पूर्ण पॅन्टपेक्षा हलके पडते. पैशाचे उत्तर याच जिल्ह्याकडे आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तो सुरू झाला. कारखाना एकट्याला परवडत नव्हता म्हणूनच तो सर्वांचा झाला. गावच्या सोसायटीने दोन हेल्मेट, दोन पायसंरक्षक, पाचरी, दोर आणि एक चांगली चेनसॉ ठेवून भाड्याने द्यायला त्याहून कितीतरी कमी धाडस लागते. शिकवायला बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे आहेत, राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे. ऊस, कांदा, डाळिंबाचे प्रशिक्षण होते तसे ओंडक्यावरच्या सरावाचे दोन दिवस का होऊ नयेत?

या पैशाच्या प्रश्नामागे कामाची रीत आहे आणि ती मला सर्वांत चिंतेची वाटते. शेतकरी उभे झाड व्यापाऱ्याला विकतो. व्यापारी तोडणाऱ्यांना उक्ते काम देतो, तोडणारा टनावर मजुरी घेतो. प्रत्येकाला वाटते जोखीम पुढच्याची. टनावर पैसे मिळणाऱ्याला पळवाट साफ करायला लावणे म्हणजे त्याची मजुरी कापणे. ही गोष्ट मान्य केल्याशिवाय सुरक्षिततेवरचे कोणतेही प्रवचन त्याला पटणार नाही आणि पटूही नये. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडे तोडणे आणि ओंडके काढणे या कामाचा उल्लेख होता, म्हणजे हे काम जोखमीचे आहे हे कायद्याने केव्हाच ओळखले. पण उक्त्या व्यवहारात मालक कोण हेच धूसर होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूला २ लाख मिळतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला किंवा त्याच्या कुटुंबातल्या एकाला. भूमिहीन तोडणारा त्यात येत नाही. झाडांवरचे कायदे पाहिले तर १९६४ चा कायदा आंबा, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, मोह, खैर अशी अनुसूचित झाडे तोडायला परवानगी मागतो. अकोले तालुक्यातल्या हिरड्याच्या पट्ट्यात तो रोजच्या व्यवहाराचा आहे. शहरांसाठी १९७५ चा कायदा आहे. दोन्हींत झाड तोडावे का, हा प्रश्न आहे. तोडणाऱ्याला ते येते का, हा प्रश्न कुठेच नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांपासून झाडांवर चेनसॉ चालवणाऱ्याकडे क्षमतेचे प्रमाणपत्र असावे अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. झाड विकतानाच शेतकरी अट घालू शकतो: तोडीचा दर ठरताना पाहणारा माणूस आणि जागा साफ करण्याचा वेळ धरून ठरवायचा, आणि कललेल्या किंवा पोकळ झाडाचा दर वेगळा.

पुस्तिकेच्या मधोमध एक भाग आहे तो वाचकाने पहिल्यांदा वाचावा. त्यात वाचकाने स्वतः तोडू नयेत अशी झाडे दिली आहेत. ज्याच्या फांद्या तारेपासून दोन उंच माणसांच्या अंतरातही येतात असे झाड. तिथे महावितरणकडून वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय फांदीलाही हात लावायचा नाही, आणि ‘लाइट गेलीये’ ही खात्री नव्हे. ज्याच्या खोडात ढोली आहे किंवा बुंध्याला वाळवी लागून ते ठोकल्यावर भद्द वाजते. ज्याच्या शेंड्यात आधीच मोडलेली फांदी अडकली आहे. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेले. घरावर, गोठ्यावर, रस्त्यावर झुकलेले. आग्या मोहोळ असलेले. आणि वड, कारण त्याच्या पारंब्या जमिनीत रुतून खांब होतात. एका बुंध्याला खाच घेऊन तो कुठे जाईल हे ठरवता येत नाही, तो वरून, फांदी फांदी उतरवावा लागतो आणि ते दोरावर चढून काम करणाऱ्यांचे कसब आहे. तालुक्यात असे कसबी कोण, त्यांना किती द्यावे लागते आणि त्यांच्या कामाच्या वेळी शेतकऱ्याने स्वतः कुठे उभे राहायचे, हे त्या भागाच्या शेवटी आहे.